मास्तरांचा भरला ग्लास

मास्तर प्रवचन करता करता मध्येच थांबायचे. वचनावर बोट ठेवून चष्मा कपाळावर सरकवायचे आणि म्हणायचे, "हे मला कळलं न्हाई. पुढं चला." मग खरंच पुढं जायचे. न कळलेलं वचन घरी जाऊन एका लांबट वहीत उतरवायचे. त्या वहीला ते 'अवघड वही' म्हणायचे. एखादं वचन कळलं की खोडून टाकायचं, असा त्यांचा नियम होता. मी ती वही दोन-तीनदा चाळली आहे. एकही ओळ खोडलेली नव्हती.

आमची मंडळी लहान. नांदेड जिल्ह्यातलं तालुक्याचं एक गाव, नाव मुद्दाम लिहीत नाही. तीस-पस्तीस ख्रिस्ती घरं, पत्र्याचं चर्च, दोन पंखे, त्यांतला एक चालू. पाळक महिन्यातून एकदा, पहिल्या रविवारी, प्रभुभोजन, म्हणजे भाकरीचा तुकडा आणि रसाचा पेला, द्यायला यायचे. बाकीचे रविवार आणि बुधवारचा शुभवर्तमानाचा वर्ग मास्तर सांभाळायचे. जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला माणूस. सावळा, काटकुळा, बारा महिने काखेत छत्री. बाकावर मांडी घालून बसायचे. कुणी प्रार्थना लांबवली की "आमेन" असं मोठ्यानं म्हणून ती संपवून टाकायचे.

त्यांच्या वर्गात "कळलं" म्हणायची सोय नव्हती.

"कळलं का?"

"हाव, मास्तर."

"मंग या इकडं. मी बसतो, तुमी सांगा."

त्यामुळे सगळे माना खाली घालून बसायचे, आणि मास्तर खूश व्हायचे. शुभवर्तमानातली सोपी वचनं त्यांना आवडतच नसत. आंधळ्याला दिसलं, लंगडा चालला, ते एका दमात वाचून टाकायचे. पण जिथं प्रभू म्हणतो की माझं मांस खाल्ल्याशिवाय, माझं रक्त प्यायल्याशिवाय तुमच्यात जीवन नाही, तिथं येऊन बसले की महिना-महिना उठायचे नाहीत. ते ऐकून त्याच्यामागचे पुष्कळ लोक उठून गेले होते, हे सांगताना मास्तरांच्या तोंडावर एक प्रकारचं समाधान असायचं. "शहाणी माणसं होती ती. ऐकलं तरी नीट. आपण ऐकतच न्हाई, म्हणून बसून राहिलो."

मी तेव्हा तिशीतला. खताच्या दुकानात नोकरी आणि मंडळीचा सेक्रेटरी. मास्तर मला नावानं कधीच हाक मारत नसत. "सेक्रेटरी," म्हणायचे, "तुमी लिवता चांगलं. बोलत न्हाई, तेवढं बेस हाय." हे खरंच होतं. मी कमी बोलतो. पुष्कळ गोष्टी त्यामुळं झाकून राहतात.

दरवर्षी नाताळच्या दुसऱ्या दिवशी ते मला घरी जेवायला बोलवायचे. स्वयंपाक मास्तरांच्या बायकोचा; त्यांना आम्ही सगळे वहिनी म्हणायचो. बाहेरची माणसं दोनच: मी आणि धर्माबादचे बापू. बापू म्हणजे मास्तरांचे वसतिगृहापासूनचे मित्र, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेले कंपाउंडर. पहिला रविवार आला की सकाळच्या एसटीनं धर्माबादहून येणार, कधी एकटे, कधी बायकोला घेऊन, मास्तरांच्या शेजारी बसणार आणि वचन वाचताना मास्तर काही चुकले की पहिलं हसू बापूंचं. घरातलं माणूस म्हणजे मास्तरांचा धाकटा भाऊ. तो बौद्ध. आईवडील छप्पनच्या दीक्षेत गेले तेव्हा धाकटा त्यांच्याबरोबर होता. मास्तर त्याआधीच मिशनच्या वसतिगृहात जाऊन ख्रिस्ती झालेले. दोघा भावांचं एकमेकांवाचून पान हलत नसे आणि एकमेकांना टोचल्याशिवाय घास उतरत नसे.

त्या जेवणातला एक प्रसंग मी विसरू शकत नाही. एकदा धाकट्यानं भाकरी मोडता मोडता विचारलं, "दादा, खरं सांग. तुमी लोकं तिथं रगत पिता म्हणं?"

बापू म्हणाले, "मनुकाचं पाणी असतंय रे. वहिनी आदल्या दिवशी मनुका भिजवती, उकळती, गाळती. ते पितो आमी."

"मनुकाला रगत म्हणता? मंग खोटं कशाला बोलता?"

मला वाटलं, आता मास्तर तासभर बोलणार. त्यांनी भाकरी खाली ठेवली.

"आपल्या ल्हानपणचा दुष्काळ आठवतो का तुला?"

"मी दीड वरसाचा होतो. कसा आठवंल?"

"मला आठवतो. घरात दाणा न्हवता. माय पाणी पिऊन दिवस काढायची आन् तुला अंगावर पाजायची. ती वाळत चालली, तू भरत चाललास. गाल असे आले होते तुझे." मास्तरांनी हातानं गाल दाखवले. "ती काय खात न्हवती. मंग तू काय खाल्लंस, सांग की?"

धाकट्याचा हात ताटात तसाच राहिला. मास्तरांनी आपल्या ताटातली अर्धी भाकरी उचलून त्याच्या ताटात ठेवली. "खा आता. निवून राहिली."

ही अर्धी भाकरी लक्षात ठेवली पाहिजे. मी ती ठेवली होती, आणि चांगल्या कामासाठी नव्हे.

आता ग्लासाचं सांगतो. प्रभुभोजनाचे आमचे ग्लास म्हणजे अंगठ्याएवढे, लाकडी ट्रेमध्ये भोकं पाडून बसवलेले. उपासना संपली की रिकामे ग्लास गोळा करायचं काम सेक्रेटरीचं. दर पहिल्या रविवारी एक ग्लास भरलेला सापडायचा. मास्तरांच्या बाकाच्या कडेवर, जसाच्या तसा. भाकरीचा तुकडा ते घ्यायचे आणि इतका वेळ चावायचे की पाळक थांबून राहत. ग्लास मात्र हातात धरायचे, बघायचे आणि खाली ठेवायचे. मी वर्षानुवर्षं तो गुपचूप झाडाच्या बुडाशी ओतत आलो. विचारलं कधी नाही.

मग एका वर्षी आमच्याकडं एक सुवार्तिक, म्हणजे फिरते प्रचारक, आले. त्यांना मीच बोलावलं होतं. माझ्याच घरी उतरले. कोट, मोठी दुचाकी, आणि भिंतभर लांबीचा कापडी तक्ता. तक्त्यावर श्वापदं, कर्णे, आगीचं तळं आणि शेवटच्या दिवसापर्यंतचा रस्ता टप्प्याटप्प्यानं आखलेला. आपण शेवटून दुसऱ्या टप्प्यावर आहोत, असं त्यांनी पहिल्याच संध्याकाळी काठीनं दाखवलं. मंडप गच्च भरला होता. मला ते म्हणाले होते, "तुमच्यासारखा तरुण आम्हाला हवाय. प्रचाराच्या कामावर घेऊ." खताच्या पोत्यांत आयुष्य जायचं नाही, असं मला पहिल्यांदा वाटलं.

दुसऱ्या संध्याकाळी एक बाई उठली. पोरीचं लग्न ठरलेलं. आमच्याकडं पाळकाला, प्रचारकाला 'अय्या' म्हणतात; ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "अय्या, शेवट आलाच तर लगन करू का नगं करू?"

सुवार्तिक गंभीरपणे म्हणाले, "बाई, हा काळ लग्नकार्याचा नाही."

मास्तर उठले. छत्री काखेतच. "अय्या, एक अडचण हाय माझी. त्या दिवसाचं पुत्राला सुदिक ठाऊक न्हाई म्हणून पुत्रच सांगून गेला. तुमाला कुठून कळलं?"

सुवार्तिकांनी तक्त्याकडं काठी नेली.

"तक्ता बघितला मी. चांगला रंगवलाय. पण शेवटाचं सांगताना प्रभूनं गोष्ट कशाची सांगितली? वरातीची. दिवे घेऊन थांबलेल्या पोरींची." आणि बाईकडं वळून म्हणाले, "बाई, लगन कर. नवरदेव यायचा म्हणूनच मंडप घालायचा असतो. नुसतं भिऊन बसलं तर वाढपी कुठून येतील?"

मंडप हसला. सभेसाठी आलेले बापू सगळ्यात मोठ्यानं हसले. बाईपण डोळे पुसत हसली. तिसऱ्या दिवशी सकाळी सुवार्तिकांनी माझ्या अंगणात तक्ता गुंडाळला. जाताना म्हणाले, "तुमच्या मंडळीत तुमचं वजन नाही." कामाचं नाव काढलं नाही.

आठ दिवस मला जेवण गोड लागलं नाही. नवव्या दिवशी दुकानाच्या कामानं धर्माबादला गेलो. स्टँडसमोरच्या दुकानात एक पत्र टाइप करून घेतलं, खाली सही न करता, आणि तिथंच पेटीत टाकलं. वरिष्ठ पाळकांच्या नावानं. त्यात तीन गोष्टी होत्या. एक, हा माणूस प्रभुभोजनाचा पेला घेत नाही. दोन, प्रभूच्या पुन्हा येण्याची चेष्टा करतो. तीन, बाप्तिस्मा न झालेल्या आपल्या भावाला यानं प्रभुभोजनाची भाकरी दिली.

पहिली गोष्ट खरी होती. दुसरी अर्धवट. तिसरी मी केली. जेवणातल्या भाकरीची प्रभुभोजनाची भाकरी केली. पहिल्या दोन गोष्टींनी काही झालं नसतं, हे मला माहीत होतं.

महिन्याभरानं, पहिल्या रविवारी, वरिष्ठ आले. उपासनेनंतर सगळ्यांना बसवून त्यांनी पत्र वाचलं. पाकीट हातोहात फिरलं. पाकिटावरचा धर्माबादचा शिक्का ज्यानं त्यानं बघितला. पाकीट मास्तरांच्या हाती आलं तेव्हा ते बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी शेजारी बसलेल्या बापूंकडं बघितलं. त्या जेवणाला बाहेरची माणसं दोनच होती. त्यांतला एक धर्माबादचा. गणिताचा माणूस. उत्तर चटकन निघालं.

बापू म्हणाले, "माझ्याकडं काय बघून राहिलास?"

मास्तर बाकावरून उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसले.

भावाला भाकरी दिल्याच्या आरोपाला त्यांनी उत्तरच दिलं नाही. बापूंचा संशय आला तेव्हाच त्यांचं सगळ्यावरून मन उडालं होतं, असं मला आज वाटतं. वरिष्ठ माणूस भले होते. मिटवायला बघत होते. म्हणाले, "मास्तर, बाकीचं सोडा. सगळ्यांसमोर पेला घ्या, विषय संपला."

"न्हाई घेता येणार."

"पण का?"

तेव्हा पहिल्यांदा कळलं. मास्तर उभे राहिले आणि वर्गात बोलावं तसं बोलले. "आपल्याकडं पंगत बसती. यजमान कवा जेवतो? शेवटी. समदे जेवून उठले की मंग. प्रभू त्या जेवणात म्हणला की हा द्राक्षाचा रस मी आता राज्य येईस्तोवर पिणार न्हाई. म्हणजे तो यजमान हाय. त्याचा गिलास पालथा हाय. कुणीतरी यायचं राहिलंय, म्हणून तो खोळंबलाय. लोकं इचारतात शेवट का येत न्हाई. अहो, पंगत बसायचीय अजून! कुणाचा तरी भाऊ यायचाय, कुणाची बहीण यायचीय. भाकर त्यानं दिली, ती मी खातो. गिलास मी त्याच्यासंगट उचलीन."

"पण सगळ्यांनी प्या, असंही तोच म्हणाला ना?"

मास्तरांचा चेहरा एकदम पडला. "हाव. ते बी त्योच म्हणला. दोन्ही म्हणला. म्हणून तर वहीत लिवलंय."

कुणीतरी मागून म्हणालं, "एक घोट तर हाय मास्तर, प्या ना!" काहीजण कळवळून म्हणत होते. मी ट्रे धरून उभा होतो. माझ्याकडं बघून ते म्हणाले, "सेक्रेटरी, त्या गिलासाचं तुमी इतके दिवस सांभाळलं. उपकार झाले."

मी मान हलवली.

त्यांचं प्रभुभोजन बंद झालं. बुधवारचा वर्ग त्यांच्याकडून काढून मला दिला. त्यानंतरची सगळी वर्षं मी तो वर्ग घेतला, आणि शिकवलं ते सगळं त्यांचंच. दुष्काळातली माय, पंगत, वरात. लोक म्हणायचे, सेक्रेटरी काय बोलतो! मी कमी बोलणारा माणूस त्यांच्या शब्दांवर बोलका झालो. पहिल्या रविवारी मास्तर येतच राहिले. शेवटच्या बाकावर मांडी घालून बसायचे, आणि मी ट्रे घेऊन त्यांच्यासमोरून पुढं जायचो. बापू दोन महिने आले. मास्तर त्यांच्याशी बोलेनात. एकदा स्टँडवर बापू समोर आले तर यांनी छत्री उघडून तोंड झाकलं. ऊन नाही, पाऊस नाही. त्यानंतर बापू आले नाहीत. वहिनी गेल्या, तेव्हा मात्र मातीला आले, लांब उभे राहिले आणि गेले. पुढं लेक मास्तरांना लातूरला घेऊन गेली.

त्या पत्रानंतर अकरा वर्षांनी माझी मुलगी बारावीच्या क्लाससाठी लातूरला राहिली. तिला भेटायला जायचो तेव्हा मास्तरांकडंही जायचो. त्यांच्या लेकीचं घर त्याच भागात. दोनदा गेलो, चहा पिऊन आलो. मास्तर ऐंशीला टेकलेले, पण विचारायचे, "बुधवारच्या वर्गात चोविसाव्या अध्यायात कुठं अडलात?" तिसऱ्यांदा गेलो तेव्हा दुपार होती, लेक बाजारात गेलेली. मी सांगून टाकलं. सगळं. भाकरीचंसुद्धा.

मला वाटत होतं, त्यांना माहीत असेल. मोठी माणसं ओळखून असतात आणि माफ करून बसलेली असतात, असं आपल्याला सोयीचं वाटतं. त्यांना काहीच माहीत नव्हतं.

"बापू न्हाई?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"बापू न्हवता?"

"मी होतो, मास्तर."

ते मला काही बोलले असते तर बरं झालं असतं. ते माझ्याकडं बघतच नव्हते. पायजम्याची नाडी बोटाला गुंडाळत, सोडत बसले. मग म्हणाले, "धर्माबादला गाडी कवा हाय?"

लेकीनं खूप अडवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही लातूरहून नांदेडला आणि तिथून धर्माबादला गेलो. उतरताना मास्तरांनी माझा हात धरला, तो आधारापुरता.

बापू ओसरीवर मिरच्यांचा ढीग समोर घेऊन देठं खुडत होते. त्यांची बायको चुलीपाशी. मास्तर पायरीवरच थांबले.

"बापू, मी चुकलो. ते पत्र तुझं न्हवतं."

बापूंनी हातातली मिरची नीट खुडली. "मंग कुणाचं होतं?"

मास्तर वळले आणि माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. वर्गात कुणाला पुढं बोलावल्यावर बघायचे तसं. वाट बघितली. मी मिरच्यांकडं बघत होतो. मला शिंक आली. मला अजून आठवतं, शिंक आल्याचं मला बरं वाटलं.

"जाऊ दे ते," मास्तर म्हणाले. "माझ्याच डोस्क्यात चुकीचं बसलं. च्या टाकाय सांग."

"अकरा वरसं लागली व्हय तुला?" बापू म्हणाले. "आन् म्हणं गणिताचा मास्तर!" आणि मिरच्यांचा ढीग बाजूला सारला. दोघं म्हातारे एकमेकांचे हात धरून बसले. मिरच्यांच्या ठसक्यानं सगळ्यांच्याच डोळ्यांत पाणी होतं, माझ्याही. बापूंच्या बायकोनं मला दुसऱ्यांदा चहा दिला आणि म्हणाली, "तुमी आणलं यांना. देव तुमचं भलं करो." मी तो चहा प्यायलो.

परतीच्या गाडीत नांदेड जवळ आल्यावर मास्तर एवढंच म्हणाले, "मी थांबलो होतो तुमच्यासाठी."

ते त्याच हिवाळ्यात गेले. पुढच्या वर्षी बापूही गेले. पत्र कुणाचं, हे त्यांना कळलं नाही.

मंडळीत मात्र अजूनही ते पत्र बापूंचंच आहे. यंदा पंचमंडळ निवडताना बापूंच्या मुलाचं, सुधाकरचं नाव कुणीतरी सुचवलं. तो आता आमच्याच गावात शिक्षक आहे. एक जुने गृहस्थ म्हणाले, "चिठ्ठीवाल्याचं घर हाय ते. नगं." नाव मागं पडलं. बैठकीचा वृत्तांत मी लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे.

त्यानंतर मंडळीच्या स्मरणिकेसाठी मास्तरांवर चार पानं लिहा, असं मला सांगण्यात आलं. इथपर्यंतची ही ती पानं. छापायला देण्याआधी सुधाकरकडं घेऊन गेलो. त्यानं दारातच उभं राहून सगळी वाचली. एकदा मधेच वर बघितलं, परत वाचायला लागला. मी चपला काढल्या नव्हत्या.

पानं घडी करून त्यानं माझ्या हातात परत दिली.

"छापलेलं कोण वाचतंय, काका?" तो म्हणाला. "येत्या रविवारी चर्चमध्ये उभं राहून वाचा. आई त्या पत्रापासून आली न्हाई तिथं. तिला घेऊन येतो मी. तिला ऐकाय कमी येतंय आता. जरा मोठ्यानं वाचा."